आमदारांकडे निवेदन घेऊन जाताय? घरातल्या हिंसाचाराच्या कायद्यासाठी काय मागायचं अन कसं मागायचं

गेल्या दोन महिन्यांत तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एक अमळनेरची, एक दोंडाईच्याची, आणि एकीने तर धडगावहून फोन लावला, रेंज जात-येत होती तरी तीनदा लावला. ताई, बायकांच्या मारहाणीच्या विषयावर आम्हाला आमदारांकडे जायचंय, पण जाऊन बोलायचं काय? निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, चहा प्यायचा अन घरी यायचं, एवढंच माहितीये. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी वकील नाही, कुठल्या संस्थेची अध्यक्षबिध्यक्षही नाही, शिवणक्लास चालवते, आणि क्लासमधल्या पोरींच्या निमित्ताने तहसील, पोलीस स्टेशन, कोर्ट आणि पुढाऱ्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात त्यातून जे कळलं ते लिहिते.

आधी एक गोष्ट. जिला आज मार पडतोय तिने आमदार शोधत फिरायचं नाही. तिने ११२ लावायचा, किंवा १८१, हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे. वकील पाहिजे असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. बाईला प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे अजूनही कित्येकींना माहिती नसतं, दाखला आणा म्हणून कोणी परत पाठवलं तर परत जाऊ नका. आणि आणखी एक, सासर सुरतला असेल अन पोरगी माहेरी निघून आली असेल (आपल्याकडे उधना-लिंबायतला दिलेल्या लेकी किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको) तर केस करायला सुरतला चकरा मारायची गरज नाही, ती सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, तात्पुरती राहत असली तरी.

हा लेख त्यानंतरच्या कामासाठी आहे. म्हणजे एकीचं कसंतरी निभावलं, पण दुसरी, तिसरी, चौथी येतच राहते आणि दर वेळी त्याच बंद दारावर आपण उभे राहतो, ते दार उघडायला सरकारला कसं लावायचं.

कायदा जिवंत आहे, खुर्ची रिकामी आहे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध १९९४ साली कायदा झाला. त्याच्याखाली जो पैसा मिळतो त्याला मुदत असते, म्हणून दर काही वर्षांनी तिथल्या संसदेला तो पुन्हा मंजूर करावा लागतो. २०००, २००५, २०१३ आणि २०२२ साली तसं झालं, मधे २०१९ ला मुदत संपून तीन वर्षं गाडं अडकलं होतं. म्हणून तिकडचे लोक खासदारांना फोन लावून लावून सांगतात की कायद्याचं नूतनीकरण करा. त्यांचं बरोबरच आहे. पण ते मेसेज भाषांतर होऊन आपल्या ग्रुपवर येतात, आणि मग कोणीतरी आपल्या निवेदनातही लिहून टाकतं की कायद्याची मुदत वाढवून द्यावी. मी स्वतः असं एक निवेदन घेऊन गेलेल्या बायकांमधे होते. पीए वाचून हसला. ताई, कोणत्या कायद्याची मुदत संपली? आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो.

आपला कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. राष्ट्रपतींची सही १३ सप्टेंबर २००५ ची, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. (योगायोग असा की अमेरिकेतल्या त्या कायद्यावरची सहीही १३ सप्टेंबरचीच, ११ वर्षं आधीची.) याला संपायची तारीख नाही. मारहाण तर यात येतेच, पण शिवीगाळ, टोमणे, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरात पैसा न देणं हेही हिंसाचारातच धरलंय. आणि फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, विधवा सून, लग्न न करता सोबत राहणारी, सगळ्यांसाठी आहे. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द काढून टाकले तेव्हापासून सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येतो. २०२० ला तर कोर्टाने हेही सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेचा तिथे राहायचा हक्क जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘घर तर म्हाताऱ्याच्या नावावर आहे’ हे वाक्य आपल्याकडे दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतं.

मग अडतं कुठे? कायदा चालवायला माणूस लागतो, त्याचं नाव संरक्षण अधिकारी. बाईचं म्हणणं ऐकून घटना अहवाल लिहायचा (सगळे त्याला डीआयआरच म्हणतात), तो कोर्टात द्यायचा, तिला दवाखान्यात न्यायचं, निवारा मिळवून द्यायचा, वकील मिळवून द्यायचा, आणि आदेश निघाला की तो पाळला जातो की नाही बघायचं, हे सगळं त्याच्यावर आहे. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि तिथून ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचायला किती छान वाटतं ना.

आता तुमच्या तालुक्यात संरक्षण अधिकारी कोण आहे ते सांगा बघू. मी हा प्रश्न क्लासमधे विचारला तर बावीस पोरींपैकी एकीलाही सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तीन वर्षांपूर्वी आला नसता. कुठे पद रिकामं असतं, कुठे एकाच माणसाकडे दोन-तीन तालुके असतात, कुठे त्याच्याकडे दुसरं टेबल असतं अन हे काम वरून दिलेलं, अतिरिक्त कार्यभार. सोमवारी गेलं की साहेब मीटिंगला, बुधवारी गेलं की जिल्ह्याला. बाई दोनदा येते, तिसऱ्यांदा भाडं कुठून आणेल? कायदा रद्द कोणी केलेला नसतो, पण त्या बाईपुरता तो संपलेला असतो.

आणि मुदत संपणारी एक गोष्ट आपल्याकडेही आहे, ती म्हणजे योजना. सखी वन स्टॉप सेंटर (मार खाल्लेल्या बाईला निवारा, दवाखाना, वकील अशी मदत एकाच ठिकाणी), १८१ हेल्पलाइन, शक्ती सदन (बायकांचं निवारागृह, जे आधी स्वाधार गृह होतं) हे सगळं केंद्राच्या मिशन शक्तीखाली येतं आणि ती योजना ठरवली होती २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी. म्हणजे ‘पुढे चालू ठेवा’ असं म्हणायचंच असेल तर ते इथे म्हणायचं, कायद्यासाठी नाही.

कोणाकडे काय मागायचं

संरक्षण अधिकारी नेमायचं काम कायद्याने राज्य सरकारचं आहे, म्हणून पदं, पूर्णवेळ माणूस, गाडी, ऑफिस हे सगळं आमदारांकडे. कायद्यातला बदल आणि मिशन शक्तीचा पैसा हा दिल्लीचा विषय, तो खासदारांकडे. निवाऱ्याला जागा, दुरुस्ती, स्थानिक निधी असलं काही असेल तर जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती आणि पालकमंत्र्यांची जिल्हा नियोजन समिती. एकाच कागदावर सगळं लिहून सगळ्यांना वाटलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, मला याचा चांगला अनुभव आहे.

आपला मतदारसंघ नीट बघून घ्या, हसू नका, इथे भले भले चुकतात. जळगाव जिल्ह्यात ११ आमदार, धुळ्यात ५, नंदुरबारात ४, असे आपल्या खान्देशाचे २० आणि खासदार ४. पण शिरपूर अन साक्री धुळे जिल्ह्यात असून त्यांचा खासदार नंदुरबारचा. चोपडा जळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला रावेरमधे. धुळे लोकसभेत मालेगाव अन बागलाण येतं. शिरपूरच्या बायका धुळ्याच्या खासदाराकडे गेल्या तर तिथून गोड बोलून परत पाठवतात, दिवस गेला अन एसटीचं भाडंही गेलं.

माहितीचा अधिकार, दोन महिने आधी

रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘खूप अन्याय होतोय साहेब’ याला उत्तर ‘हो ना, होतोय’ एवढंच असतं. ‘आपल्या तालुक्यात संरक्षण अधिकाऱ्याचं पद अमुक तारखेपासून रिकामं आहे, हे बघा ऑफिसचंच पत्र’ असं म्हटलं की त्याला हसून टाळता येत नाही.

ते पत्र माहितीच्या अधिकारात मिळतं. साधा कागद, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. पत्ता टाकायचा जन माहिती अधिकारी, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, नाहीतर त्याच मुद्द्यावर परत येतो, म्हणून कथा लिहू नका. एवढंच विचारा: जिल्ह्यात तालुकावार संरक्षण अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती व कधीपासून. कोणाकडे अतिरिक्त कार्यभार आहे. मागच्या आर्थिक वर्षात तालुकावार किती घटना अहवाल तयार झाले. बस. नावं विचारू नका, बायकांची तर अजिबात नाही.

उत्तराला ३० दिवस असतात. नाही आलं तर पहिलं अपील, त्यालाही वेळ जातो. म्हणून अधिवेशनाच्या दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं, अर्थसंकल्पाचं साधारण फेब्रुवारी-मार्चला मुंबईत, पावसाळी जून-जुलैच्या आसपास मुंबईत. डिसेंबरसाठी काम करायचं असेल तर अर्ज गणपतीच्या दिवसांत टाकलेला बरा.

आणखी एक कागद जोडायचा तो सुप्रीम कोर्टाचा. २० मे २०२५ ला कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की महिला व बाल विकास विभागातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, जिथे नेमलेले नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा, आणि कायद्याची प्रसिद्धी करा. ते सहा आठवडे कधीच उलटले. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने जे आधीच सांगून ठेवलंय तेच मागताय, हे भेटीत पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

आकड्यांचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चार बायकांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसाचार झाल्याचं सांगितलंय. हा एक आकडा पुरे. पाच-सहा आकडे टाकले की कोणी एकही वाचत नाही.

सह्या कुठे मिळतात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझं अनुभवाचं मत आहे, दुसरं कोणी काही म्हणो. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात, आणि रात्री सांजोऱ्यांचा डबा मधे ठेवून बायका बोलायला बसल्या की जे निघतं ते कुठल्या मीटिंगमधे निघत नाही. पण तिथे वही काढून सह्या मागायला लागू नका माय, सण आहे तो. ऐकून घ्या, ओळख वाढवा, सही नंतर घ्या. कानबाईच्या सणाच्या वेळीही तसंच, बायका एकत्र असतात पण कामाची घाई असते.

कागदावर वजन पाहिजे तर ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरमधे होते. ती खरी भरवा, तिथे ‘तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्यावा’ एवढा ठराव लिहून घ्या, ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सही-शिक्का घ्या अन नक्कल निवेदनाला जोडा. दोनशे सह्यांपेक्षा पाच गावांचे ठराव आमदारांना लवकर कळतात, कारण ठराव म्हणजे गाव आणि गाव म्हणजे बूथ.

सही घेताना पूर्ण नाव, गाव, मतदारसंघातलीच बाई आहे ना ते बघा. अंगठ्यासाठी शाईचं पॅड सोबत न्या. कापूस वेचणी नाहीतर केळीची कटाई चालू असेल तर दुपारी जाऊ नका, संध्याकाळी जा. नंदुरबारकडच्या बायका ऊसतोडीला अन गुजरातेत कामाला दिवाळीनंतर निघून जातात, त्यांच्या सह्या त्याआधीच.

माझी चूक, तुम्ही करू नका

निवेदनात उदाहरण द्यावं असं सगळे सांगतात. मीही दिलं होतं. नाव बदललं होतं, गावही लिहिलं नव्हतं, पण ‘वखारीजवळ राहणारी, दोन मुली असलेली, शिवणकाम करणारी’ असं लिहिलं. आता आमच्या गावात वखार एकच. ज्या ऑफिसात निवेदन दिलं तिथे टाइप करणारा पोरगा त्या बाईच्या दिराचा मित्र निघाला. रात्री घरी जायच्या आत सासरच्यांना खबर. तिला त्या रात्री काय ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, ती आठ दिवस क्लासला आली नाही एवढं सांगते. आली तेव्हाही मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

आपल्याकडे पुढाऱ्याच्या ऑफिसात बसलेला प्रत्येक कार्यकर्ता कोणाचा ना कोणाचा मामा, शालक, साडू असतो. हे धरूनच चाला. उदाहरण द्यायचं तर तीन-चार जणींचे अनुभव मिसळून लिहा, काम, मुलं, गल्ली, जात, काहीच ओळखू येणारं नको, आणि जिचं आहे तिला आधी वाचून दाखवा, ती हो म्हणाली तरच. भेटीला तिलाच घेऊन जायचा हट्ट तर करूच नका. व्हॉट्सअ‍ॅपवर निवेदनाचा फोटो फिरवतानाही सह्यांचं पान टाकू नका.

निवेदन

एक पान. मागणी एकच, फारतर दोन. माझ्या पहिल्या निवेदनात अकरा मागण्या होत्या, दारूबंदीपासून रस्त्यावरच्या लाइटपर्यंत, त्यावर आमदारांनी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून दिला आणि आम्ही तो शेरा देवासारखा फ्रेम करायचाच बाकी ठेवला. योग्य ती म्हणजे कोणती, ते कोणालाच माहिती नव्हतं.

साधारण असं लिहा:

प्रति, मा. आमदार, अमुक विधानसभा मतदारसंघ.
विषय: अमुक तालुक्यासाठी पूर्णवेळ संरक्षण अधिकारी नेमण्याबाबत.
महोदय, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ८ प्रमाणे संरक्षण अधिकारी नेमण्याची जबाबदारी राज्य शासनाची आहे. माहिती अधिकारात मिळालेल्या दिनांक अमुकच्या पत्रानुसार आपल्या तालुक्यात हे पद अमुक तारखेपासून रिक्त आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाने दिनांक २० मे २०२५ रोजी तालुका पातळीवर नेमणुकीचे निर्देश दिले आहेत. तरी आपण येत्या अधिवेशनात याबाबत तारांकित प्रश्न विचारावा व मा. महिला व बाल विकास मंत्री यांना पत्र द्यावे, ही विनंती. सोबत: माहिती अधिकारातील पत्र, अमुक ग्रामपंचायतींचे ठराव, सह्या.

पद रिकामं नसेल, अतिरिक्त कार्यभार असेल, तर तसं लिहा, खोटं काही लिहू नका, एक चूक सापडली की सगळा कागद गेला. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या बायकांनी दुसरी मागणी म्हणून भाषा लिहावी. पावरी किंवा भिली बोलणारी बाई मराठीत घटना कशी सांगेल, अन सांगितली तर समोरचा काय लिहील? तिची भाषा समजणारी बाई ऑफिसात पाहिजे, ही मागणी मला तर पहिल्या मागणीइतकीच मोठी वाटते. आणि अंतर. वन स्टॉप सेंटर जिल्ह्याला एक असं धोरण, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं हे खरं, पण सातपुड्यातल्या पाड्यावरून नंदुरबारला पोचायचं म्हणजे घाट उतरून यायचं, एक गाडी चुकली की दिवस गेला, अंगावर मार अन काखेत पोर घेऊन.

खासदारांचं निवेदन वेगळं लिहा: मिशन शक्तीचा पुढचा निधी, आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक सेंटर. त्यांना म्हणायचं की लोकसभेत प्रश्न विचारा किंवा शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायची वेळ) मांडा.

वर ‘तारांकित प्रश्न’ म्हटलं ते नीट समजून घ्या, कारण हा शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याची बसायची पद्धत बदलते. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर. लक्षवेधी सूचना म्हणजे ताज्या महत्त्वाच्या विषयावर मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, ती लागणं अवघड, पण लागली तर चर्चा होते. प्रश्न अधिवेशन सुरू व्हायच्या बरंच आधी पाठवावे लागतात, म्हणून अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात गेलात तर भाऊ मनापासून हो म्हणतील अन उपयोग काहीच नाही.

भेट

वेळ पीएकडून घ्या आणि पीएशी नीट बोला, त्याला बाजूला सारून थेट भाऊंकडे जायचं डोकं लावू नका, कागद शेवटी त्याच्याच हातात जातो. अधिवेशन चालू असताना आमदार शनिवार-रविवारी गावाकडे सापडतात. लग्नसराईत सकाळी लवकर जा, नंतर ते लग्नं फिरायला निघतात आणि मग तुमची भेट कुठल्यातरी मांडवात उभ्या उभ्या होते.

चार-पाच जणी पुरे. त्यात एक तरी बोलकी म्हातारी असू द्या, आणि शक्य असेल तर एखादा पुरुष, सरपंच किंवा शिक्षक, बोलायला नाही, नुसता बसायला. वाईट वाटतं हे लिहिताना पण फरक पडतो. कोण काय बोलणार ते आधी ठरवा. दोन मिनिटांत मागणी, मग कागद, मग विचारायचं, भाऊ प्रश्न कधी टाकणार? ‘बघतो’ म्हटलं की गप्प बसायचं नाही, तारीख विचारायची. फोटो शेवटी.

दोन उत्तरं तुम्हाला हमखास ऐकायला मिळतील. एक म्हणजे कोणीतरी आण्णा सोफ्यावरून म्हणणार, ‘घरनं भांडण घरमाच ऱ्हाऊ द्या ना ताई.’ यावर भाषण देऊ नका, मी दिलंय, काही होत नाही. आमच्या शेजारच्या आजीने एकदा तिथल्या तिथे विचारलं होतं, ‘आण्णा, शेजारच्यानं तुमचा बांध कोरला तर तलाठ्याकडे जाता का घरातच मिटवता?’ सगळे हसले अन विषय पुढे गेला.

दुसरं म्हणजे, या कायद्याचा गैरवापर होतो. बऱ्याच वेळा बोलणाऱ्याच्या डोक्यात जुनं ४९८ अ असतं, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. तो फौजदारी गुन्हा. आपण ज्याबद्दल बोलतोय तो २००५ चा कायदा आधी आदेश देतो, मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे. जेल येते ती आदेश मोडल्यावर. आणि शांतपणे एवढं म्हणा की पूर्णवेळ अधिकारी असला, नीट चौकशी करून अहवाल लिहिला, तर खोटं-खरं लवकर कळेल, म्हणजे ज्याला गैरवापराची भीती आहे त्यालाही हा अधिकारी पाहिजेच. हे पटतं. माझ्या डोळ्यादेखत पटलंय.

पोच आणि पाठपुरावा

निवेदनाच्या तीन प्रती. एक त्यांना, एकीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन तुमच्याकडे, तिसरी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना. पोच नाही तर निवेदन दिलंच नाही असं समजा. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी महिला लोकशाही दिन असतो, तिथेही हाच विषय नेता येतो, फारशी गर्दी नसते त्यामुळे ऐकून घेतात.

पंधरा दिवसांनी पीएला फोन. ‘भाऊ, मंत्र्यांना पत्र गेलं का, जावक क्रमांक काय?’ एवढंच. चिडू नका, दर पंधरा दिवसांनी त्याच आवाजात तोच प्रश्न. आमच्या वेळी सहाव्या फोनला पत्र निघालं, आणि मला खात्री आहे की ते माझ्या कंटाळ्याने नाही, त्याच्या कंटाळ्याने निघालं. पत्राची प्रत मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तरी चालेल. प्रश्न लागला तर उत्तर विधिमंडळाच्या वेबसाइटवर येतं, नाहीतर पीएकडून घ्या.

उत्तर बहुतेक वेळा असं असतं: ‘पदभरतीची कार्यवाही प्रस्तावित आहे.’ निराश होऊ नका, हा कागद कामाचा आहे. त्यावर दोन ओळींचं नवीन निवेदन करायचं की अमुक तारखेला सभागृहात असं उत्तर दिलं होतं, प्रस्ताव आज कुठल्या टेबलावर आहे? आणि त्याच प्रस्तावावर पुन्हा माहितीचा अधिकार, पुन्हा १० रुपये.

माणूस नेमला गेला तर त्याच आठवड्यात त्याला भेटायला जा, नाव अन नंबर लिहून घ्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, अंगणवाडीत, दवाखान्यात, बचत गटाच्या मीटिंगमधे सांगा. आमच्याकडे मी तो नंबर क्लासमधल्या मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. नाव नाही, हुद्दा नाही, नुसता नंबर. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईच्या हातात वही देते अन मी जरा आत पाणी प्यायला जाते.